आता दुसरी बाजू

तोआकासेने खडूने फरशीवर भिंतीपासून दारापर्यंत एक लांब रेघ ओढली, हात झटकले आणि ती रेघेच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"गावातली डुकरं बांधून ठेवली पाहिजेत, असं माझं मत आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "ज्यांना पटतं त्यांनी माझ्या बाजूला या. ज्यांना पटत नाही त्यांनी पलीकडे राहा."

वर्गातले अकराच्या अकरा जण उठले आणि तिच्या बाजूला जाऊन उभे राहिले. त्यातल्या सात जणांची डुकरं त्याच वेळी चर्चमागच्या मैदानात मोकाट हिंडत होती. लातूच्या डुकरिणीने तर गेल्या महिन्यात तोआकासेच्याच रताळ्यांचा फडशा पाडला होता. लातू सगळ्यांच्या आधी येऊन उभा राहिला होता.

"लातू, तू तुझी डुकरं बांधतोस?"

"नाही, मिसेस हाफोका."

"का नाही?"

"बांधली तर खातील काय?"

"मग तुझं मत माझ्या उलट आहे. पलीकडे जा."

लातूने रेघेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुमचं मत आहे ना? मग माझं आणखी कशाला?"

सगळे हसले. तोआकासे हसली नाही. छत्तीस वर्षं तिने पांगाईच्या शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावरही चर्चच्या मागच्या या खोलीत ती आठवड्यातून तीन दिवस फुकट शिकवायची. ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्यांच्या निवासात कामाला जायचं तर इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यावी लागे, आणि गेल्या खेपेला आमच्या बेटावरचे नऊच्या नऊ जण त्या परीक्षेत आपटले होते. त्यांचं इंग्रजी वाईट नव्हतं. परीक्षक जे जे म्हणाला, ते ते त्यांना पटलं होतं.

"तुमचं मत काय, याच्याशी परीक्षकाला देणंघेणं नाही," ती आता आपल्या भाषेत बोलू लागली. "एक कार्ड उचलायचं. त्यावर विषय असतो. दोन मिनिटं एका बाजूने बोलायचं, मग दोन मिनिटं उलट बाजूने. दोन्ही वेळा सारख्याच ठामपणे. एक बाजू गिळलीत तर अर्धे गुण गेले."

"मिसेस हाफोका," मागून एलेनोआ म्हणाली, "म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला भांडखोर बायका कशाला हव्यात त्यांना?"

"म्हातारा औषध नको म्हणाला, तर काय करशील तू?"

एलेनोआने विचार केला. "नको तर नको. वयाने मोठा ना तो?"

"आणि मेला म्हणजे?"

"मग रडेन की पोटभर. रडण्यात आपण कमी पडतो होय?"

या वेळी तोआकासेलाही हसू आवरलं नाही. ती फळ्याकडे वळली. फळ्यावर तिने उलट मत मांडायची वाक्यं लिहून ठेवली होती. तुमचं म्हणणं मला समजतं, तरीही मला वेगळं वाटतं. त्यात तथ्य असेल, पण. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर. मी आदराने असहमत आहे. एकेका वाक्याखाली तिने पट्टी आपटली.

"ही वाक्यं आपल्या भाषेत नाहीत, म्हणून जिभेला जड जातात. पण ऐका. या खोलीत मी कोणाची आत्या नाही, कोणाची शेजारीण नाही, कोणाची जुनी बाई नाही. बाहेरचं बाहेर. इथे माझ्याशी भांडायचं. जो भांडणार नाही त्याने घरी जाऊन डुकरं राखावीत."

हे बोलताना तिने अकोसिताकडे पाहिलं नाही. वर्गात तिला आत्या म्हणणारी ती एकटीच होती.

आमच्याकडे घराचा धनी बाप खरा, पण बापाची बहीण बापाच्याही वर. भावाच्या घरात शिरून तिने पेटीतल्या चटया उचलून नेल्या तरी कोणी हूं का चूं करायचं नाही. तिच्यापुढे बसायचं ते खालच्या जागी. आणि आत्याचं मन दुखावलं तर भाचीला मूल होत नाही, किंवा होताना अडतं, हे शिकलीसवरलेली माणसंही मानतात, फक्त डॉक्टरांपुढे बोलत नाहीत.

अकोसिताचं अडलं होतं. आठ वर्षांपूर्वी तीन दिवस कळा देऊनही मूल येईना, तेव्हा तिच्या आईने धावत जाऊन तोआकासेला आणलं. तोआकासे शाळेतून तशीच आली, बोटांना खडू लागलेला. तिने भाचीच्या पोटावरून तेलाचा हात फिरवला आणि म्हणाली, माझ्या मनात काही नाही. तासाभरात नानिसे झाली. नर्स म्हणाली की सलाइन लागू पडलं. सलाइन कोणी हिशेबात धरलं नाही.

तेव्हापासून नानिसे ही आत्याने दिलेली मुलगी. गावात तसंच म्हणत. आणि दिलेली वस्तू देणाऱ्याने मागितली तर काय करायचं, हा प्रश्न आमच्याकडे कोणाला पडत नाही. अकोसिताला तो मागच्या रविवारी पडला.

त्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळी तिच्या बापाच्या घरी जेवायला बसली होती. तोआकासे सगळ्यांत चांगल्या चटईवर, बाप तिच्यापासून दोन हात मागे, बायका दाराशी. तोआकासेने भट्टीतून काढलेली अळूच्या पानांची पुडी सोडली, नारळाच्या रसात शिजलेलं मांस चाखलं, मीठ बरोबर आहे म्हणाली, आणि त्याच आवाजात पुढे म्हणाली,

"नानिसेला मी घेते."

किती दिवसांसाठी, असं कोणी विचारलं नाही. असं घेणं कायमचंच असतं. पोरीचं नाव बदलतं, घर बदलतं, तिने आई कोणाला म्हणायचं ते बदलतं.

"शनिवारी आणून सोड," तोआकासे म्हणाली. "रविवारी पाद्री चर्चमध्ये तिचं नाव माझ्या नावासोबत वाचतील. मी बोलले आहे त्यांच्याशी."

बापाने मान खाली घातली. "उपकार झाले, ताई."

अकोसिताच्या हातात वाढायचा नीरफणस होता. तिने तो परत परातीत ठेवला.

"आत्या," ती म्हणाली, "मी परीक्षेत नापास झाले तर? मग मी इथेच असेन ना."

"तरी."

"हो आत्या," अकोसिता म्हणाली.

तिने मनाशी वेगळंच ठरवलं होतं. नवरा तीन वर्षांपूर्वी टोमॅटो तोडायला ऑस्ट्रेलियात गेला आणि दुसऱ्या हंगामात तिथल्याच एका बाईच्या घरी राहायला लागला. त्याचे फोन बंद झाले. तेव्हा आपणच जायचं, पोरीला दोन वर्षं आपल्या आईजवळ ठेवायचं, आणि दोन वर्षांनी नियमाप्रमाणे मूल तिकडे बोलावता येतं तेव्हा बोलावून घ्यायचं. हे तिने अजून कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगण्यात अर्थ राहिला नव्हता.

त्या संध्याकाळी आई भांडी घासत होती, अकोसिता विसळत होती.

"तू बोल ना तिच्याशी," अकोसिता म्हणाली.

"मी? मी तिच्या भावाची बायको. माझ्या लग्नातल्या चटया ती उचलून नेत होती, तेव्हा मी दारातून बाजूला सरून वाट दिली. आता बोलू?"

"तिला स्वतःचं एखादं मूल झालं असतं ना, किंवा तिचा नवरा असा लवकर गेला नसता, तर तिने—"

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. झालं तुझं बोलून? तो टोप दे इकडे."

अकोसिताने टोप दिला. आई तो बराच वेळ घासत राहिली. टोप केव्हाच स्वच्छ झाला होता. मग आई म्हणाली, "मलाही सोडवत नाही गं पोरगी. पण तुझ्या बापाचं घर आहे हे."

म्हणून सोमवारी तोआकासेने फरशीवर रेघ ओढली आणि इथे मी कोणाची आत्या नाही म्हणाली, तेव्हा अकोसिता त्या रेघेकडे पाहतच राहिली. रविवारपासून तिला कुठूनच वाट दिसत नव्हती. आता आत्याच दाखवत होती. इंग्रजीत नाही म्हणता येतं. इंग्रजीत लहानमोठ्यांना एकच शब्द आहे, आणि खाली बसून बोलायचं की वर बसून, याला गुण नाहीत. आत्याने स्वतःच सांगितलंय, भांडा.

मग चार दिवस ती पुटपुटत राहिली. केवड्याची पानं वाळत घालताना, ती सोलताना, चटई विणताना. आईला वाटलं, पोर देवाचं नाव घेतेय. अकोसिताने कोशात शब्द शोधले, वहीत वाक्यं लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. तिला एकच विषय पाहिजे होता, आणि तो तोआकासेच्या सरावाच्या कार्डांत होता. पहिल्याच आठवड्यात तिने तो पाहून ठेवला होता.

शुक्रवारी तोआकासेने एकेकाला वेगळं बोलावून सराव घेतला. सोमवारी बोटीने राजधानीला, नुकुआलोफाला जायचं होतं, मंगळवारी परीक्षा. लातू बाहेर आला तो घाम पुसत. "डुकरं बांधावीत असं मी बोललो, आणि बांधू नयेत असंही बोललो," तो अकोसिताला म्हणाला. "आता घरी गेल्यावर डुकरांना तोंड कसं दाखवू?" तो गेला. मग अंगणात कोणीच उरलं नाही, आणि अकोसिता आत गेली.

मोठ्यांपुढे जाताना कमरेला गुंडाळायची चटई तिने नीट केली आणि ती बाकावर बसली. तोआकासेने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, घड्याळ पुढ्यात ठेवलं आणि कार्डं पालथी पसरली.

"उचल एक."

अकोसिताने हात पुढे केला आणि कार्डं सुलटी केली. एक, दुसरं, चौथं. सहाव्याला ते सापडलं. ते तिने तोआकासेपुढे ठेवलं. आईवडील कामासाठी परदेशी गेल्यास मुलांनी नातेवाइकांकडे राहावे, तुम्ही सहमत आहात का?

"परीक्षेत असं निवडता येत नाही," तोआकासे म्हणाली.

"मला माहीत आहे, मिसेस हाफोका."

"हेच पाहिजे?"

"हेच."

तोआकासेने कार्ड वाचलं, जणू पूर्वी कधी वाचलं नव्हतं. मग तिने घड्याळाची कळ दाबली. "कर सुरू. उलट बाजूने."

"काही लोक म्हणतात, मुलांनी नातेवाइकांकडे राहावं," अकोसिता इंग्रजीत म्हणाली. "त्यांचं म्हणणं मला समजतं. त्यात प्रेम आहे. तरीही मी असहमत आहे."

आकाश कोसळलं नाही. तोआकासे पेन्सिलीने कागदावर काहीतरी लिहीत होती.

"नातेवाईक मुलाला जेवण देतील, शाळा देतील. पण मूल म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात न्यायची वस्तू नाही. मुलाला विचारत नाहीत. आईलाही विचारत नाहीत. फक्त सांगतात. हे मला बरोबर वाटत नाही."

"उदाहरण," तोआकासे म्हणाली. "उदाहरणाशिवाय गुण नाहीत."

"उदाहरणार्थ," अकोसिता म्हणाली, आणि तिने कार्ड बाजूला सारलं. "उदाहरणार्थ, एक बाई आहे. तिला एकच मुलगी आहे. नवरा निघून गेला. ती परदेशी जाणार आहे, ती मुलीसाठीच. मुलगीच आपली राहिली नाही, तर तिथे अनोळखी म्हाताऱ्यांचे पाय धुवायला ती जाईल कशाला? त्या बाईचा एक विचार आहे. दोन वर्षं मुलीने आजीकडे राहावं. मग आईकडे जावं. कायमचं कोणाला देऊ नये. या मुलीच्या जन्माच्या वेळी जिने मदत केली तिचे उपकार ती बाई मानते, रोज मानते. पण उपकार फेडायला मुलगी देता येत नाही. दुसरं काहीही मागा. घर मागा, चटया मागा, तिचे हात मागा. मुलगी मागू नका. मी भीक मागते. मी आदराने असहमत आहे. नाही."

ते शेवटचं नाही तिने सरळ तोआकासेच्या डोळ्यांत पाहून म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. आणि म्हटल्यावर तिला इतकं हलकं वाटलं, की तिला हसू येईल की रडू तेच कळेना.

घड्याळ वाजलं. तोआकासेने कळ दाबून ते बंद केलं. मैदानात पोरं रिकामी बाटली घेऊन रग्बी खेळत होती, त्यांचा ओरडा आत येत होता. तोआकासे कागदाकडे पाहत बसली. तिचा अंगठा पेन्सिलीवरून वरखाली फिरत होता. ऐकलंय तिने, अकोसिताला वाटलं. आत पोचलंय.

"चांगलं झालं," तोआकासे इंग्रजीत म्हणाली. "तू एवढं बोलू शकतेस हे मला माहीत नव्हतं. फक्त एक गोष्ट. मी भीक मागते, असं परीक्षेत म्हणू नकोस. मत मांडणारा माणूस भीक मागत नाही. त्याने मत दुबळं होतं."

"हो, मिसेस हाफोका."

"बाकी काही दुरुस्त करण्यासारखं नाही."

तिने घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं.

"आता दुसरी बाजू."

अकोसिताला क्षणभर अर्थच लागला नाही.

"आत्या—"

"मिसेस हाफोका."

"मला दुसरी नाही जमायची. दुसरं कार्ड घेते मी."

"हे कार्ड तू निवडलंस." तोआकासेचा आवाज चढला नव्हता. वर्गात बोलायचा तसाच होता, थोडासा बसलेला. "दोन्ही बाजू सारख्याच ठामपणे. एक बाजू गिळलीस तर अर्धे गुण गेले, आणि परीक्षक विचारणार नाही का गिळलीस. मग तू इथे केवड्याची पानं सोलत बसशील, आणि पोरगी तरीही माझ्याकडेच असेल. कर सुरू."

कळ दाबली गेली. अकोसिताने फळ्यावरचं वाक्य वाचलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

"दुसऱ्या बाजूने पाहिलं तर," ती म्हणाली, "आई रात्रपाळीला जाईल. मुलगी कुलूप लावलेल्या घरात एकटी जेवेल. तिला कोणापुढे बसायचं, कोणामागे बसायचं हे कोणी शिकवणार नाही. ती आपली भाषा विसरेल. दहा वर्षांनी ती आईशी इंग्रजीत बोलेल, आणि आईला अर्धंच कळेल."

आणि मग तिचं बोलणं वाहू लागलं, तेच वाईट झालं. पहिल्या बाजूसाठी चार दिवस घासावं लागलं होतं. ही बाजू जन्मापासून कानांवर पडलेली होती, आणि तिच्यातलं अर्धं खरं होतं.

"इथे मुलीची शाळा आहे, चर्च आहे, समुद्र आहे. इथे तिला सगळे ओळखतात. उदाहरणार्थ, एक बाई आहे. तिने छत्तीस वर्षं दुसऱ्यांची मुलं शिकवली. रोज दुपारी ती आपापल्या घरी गेली. त्या बाईच्या घरात चार खोल्या आहेत, आणि तीन खोल्यांचे दिवे कधी लागत नाहीत. ती कोणाकडे काही मागत नाही. मागितलं तर लोक देतात, म्हणूनच मागत नाही. आयुष्यात तिने एकच गोष्ट मागितली. ती मुलगी त्या बाईच्या हातांनी जन्माला आली. आई तिला टाकून जातेच आहे. मग जी कुठेही जाणार नाही तिच्याकडे मुलीने का राहू नये? म्हणून माझं मत आहे की मुलगी त्या बाईला द्यावी. दोन वर्षांसाठी नको. कायमची द्यावी. तेच मुलीच्या हिताचं आहे."

घड्याळ वाजलं तरी तोआकासेने लगेच ते बंद केलं नाही. तिने चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला.

"चार खोल्यांचं मी कधी कोणाला बोलले नव्हते," ती आता आपल्या भाषेत म्हणाली.

"नाही, आत्या."

"दिवे लागत नाहीत, हे तू कधी पाहिलंस?"

"रस्त्यावरून दिसतं."

तोआकासेने मान हलवली. मग तिने कागदावर दोन आकडे लिहिले, एकाखाली एक. दुसरा मोठा होता. "पास होशील," ती म्हणाली. "आणि पोरीचंही ठरलं. तूच सांगितलंस. मला इतकं नीट मांडता आलं नसतं." तिची नजर अकोसिताच्या डोक्यावरून पलीकडे गेली. "ये गं आत. उभी का?"

अकोसिता वळली. दारात नानिसे उभी होती, शाळेच्या गणवेशात, एक वेणी सुटलेली. शाळा सुटली की ती आईला घ्यायला इथेच यायची, आणि वर्ग संपेपर्यंत मागच्या बाकावर बसून सगळं ऐकायची. वर्षभरात तिचं इंग्रजी आईच्या पुढे गेलं होतं. लातूच्या चुका तर ती बोटांवर मोजायची.

"ऐकलंस ना?" तोआकासेने तिला विचारलं.

नानिसेने भुवया उचलल्या. आमच्याकडे हो म्हणायला तेवढं पुरतं.

"मग येशील माझ्याकडे राहायला?"

पोरीने आधी आईकडे पाहिलं. अकोसिता बाकावर बसली होती, आत्यापेक्षा वीतभर खाली, आणि आत्या दोघींकडे पाहत होती. अकोसिताला मान हलवायची होती. तिची मान हलली नाही. आईच्या तोंडावर काही दिसेना, तेव्हा मघाशी ऐकलेलं होतंच. नानिसेने पुन्हा भुवया उचलल्या.

"शहाणी," तोआकासे म्हणाली. तिने पोरीला जवळ ओढलं, सुटलेली वेणी सोडून पुन्हा घातली, रिबीन दातांत धरून, घट्ट. तिच्या हातांना हे काम सवयीचं नव्हतं. वेळ लागला. ती दोनदा चुकली, तरी नानिसे हलली नाही.

घरी जाताना दोघी समुद्राच्या कडेच्या रस्त्याने चालत होत्या. ओहोटी होती. दूर खडकांवर दोन बायका वाकून शिंपल्या वेचत होत्या.

"आई, मला सगळं कळलं," नानिसे म्हणाली. "एकही शब्द विचारावा लागला नाही."

"केव्हा आलीस तू?"

"तू दुसऱ्या बाजूने पाहिलं तर म्हणालीस ना, तेव्हा."

"त्याआधी नव्हतीस?"

"त्याआधी बाटली आमच्याकडे होती. का?"

अकोसिता थांबली. बोलायचं होतं ते सगळं ओठांवर आलं. पण ते आपल्या भाषेत बोलायचं म्हणजे बापाच्या बहिणीविरुद्ध आपल्याच पोरीपुढे बोलायचं, आणि उद्यापासून ती पोर त्याच बहिणीच्या घरात झोपणार. असलं वाक्य तिच्या आईने कधी उच्चारलं नव्हतं, आजीने नव्हतं.

मग ती रस्त्यातच गुडघ्यांवर बसली, पोरीचे खांदे धरले आणि इंग्रजीत म्हणाली, "मी सहमत नाही. मला तुला कोणालाही द्यायचं नाही. तू माझी आहेस. मी तुला न्यायला येईन. ऐकतेस तू? मी सहमत नाही."

नानिसे लक्ष देऊन ऐकत होती, मागच्या बाकावर बसून ऐकायची तशी. आईचं संपलं आहे अशी खात्री झाल्यावर तिने तिच्या गालावरचं पाणी तळहाताने पुसलं.

"ही पहिली बाजू ना?" ती म्हणाली. "छान बोललीस. पण मघाचं जास्त खरं वाटत होतं."